राउटर बैठकीत, अभ्यास माजघरात

(एका अभ्यासिकेत तरुण मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला इथे बोलावताना 'करिअरवर बोला' असं सांगितलं होतं. करिअरवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी त्याच्या आधीच्या एका अडचणीवर बोलणार आहे. तुमच्यापैकी किती जणांचं ऑनलाइन लेक्चर घरात मध्येच अडकतं? हात वर करा. बरं. आता यातल्या ज्यांच्या घरी वायफाय आहे आणि बिलही वेळेवर भरलं जातं, त्यांनी हात तसाच ठेवा. बघा, फारसे हात खाली गेले नाहीत. म्हणजे पैसे आपण भरतोय आणि नेट मिळत नाहीये. असं का होतं, ते आज पाहू.

आधी माझीच फजिती सांगतो. आमचं गावाकडचं घर कोकणातलं, जांभ्या दगडाचं. पुढे पडवी, मग बैठकीची खोली, मग माजघर आणि मागे स्वयंपाकघर. धाकटी बहीण सीईटीची तयारी करत होती. तिचा फोन यायचा, "भाईजान, नेट चालत नाही." मी पुण्यात बसून ५० एमबीपीएसचा प्लॅन १५० चा करून टाकला. आठवड्याने पुन्हा तोच फोन. मग मी कंपनीवर चिडलो, तक्रार नोंदवली. त्यांचा माणूस येऊन स्पीड मोजून गेला आणि म्हणाला, "स्पीड बरोबर आहे." मला वाटलं, खोटं बोलतोय.

ईदला घरी गेलो तेव्हा पाहिलं. राउटर बैठकीत, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून. आणि बहीण मागच्या दाराच्या पायरीवर, मोबाइलच्या डेटावर लेक्चर ऐकत बसलेली. मध्ये जांभ्याच्या दोन जाड भिंती. कंपनीचा माणूस खरंच बोलला होता. त्याने राउटरच्या शेजारी उभं राहून मोजलं होतं. मी इंजिनिअर असून तीन महिने जास्तीचे पैसे भरले, पण बहिणीला एक साधा प्रश्न विचारला नाही: "तू अभ्यासाला बसतेस कुठे?"

आज लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच. घरात येणारं नेट वेगळं आणि घरात फिरणारं वायफाय वेगळं. रस्त्यावरच्या पाइपला पाणी भरपूर आहे, पण घरातली नळी चेपलेली आहे. अशा वेळी नगरपालिकेकडून जास्त पाणी मागून उपयोग नाही. आधी कुठे अडलंय ते शोधायचं.

शोधायला दहा मिनिटं लागतात. तीन ठिकाणी मोजा. पहिलं, लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून. दुसरं, राउटरपासून दोन-तीन पावलांवर, वायफायवर. तिसरं, तुम्ही जिथे खरोखर अभ्यासाला बसता तिथे. ट्रायचं मायस्पीड ॲप किंवा कुठलीही स्पीड टेस्ट चालेल. एकदा सकाळी मोजा, एकदा रात्री दहाच्या सुमाराला. आकडे वहीत लिहा.

केबलवरच स्पीड कमी आला, तर दोष बहुधा कंपनीच्या लाइनचा. तेव्हा तक्रार करा आणि आकडे, वेळ, तारीख त्यांच्यापुढे ठेवा. 'नेट स्लो आहे' या तक्रारीला उत्तर देणं सोपं असतं, लिहिलेल्या आकड्यांना देणं अवघड. केबलवर ठीक पण राउटरजवळच वायफायवर कमी, तर राउटर किंवा तुमचा फोन जुना आहे, नाहीतर आजूबाजूच्या वायफायची गर्दी आहे. आणि जवळ ठीक, खोलीत कमी, असं असेल तर दोष जागेचा. माझ्या पाहण्यात बहुतेक घरांचं दुखणं हे तिसरंच असतं.

आकड्यांबद्दल एक खुलासा. प्लॅनमधला एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. फाइल उतरताना दिसतो तो एमबी म्हणजे मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा एमबीने उतरेल. त्यात फसवणूक नाही. आणि एका व्हिडिओ लेक्चरला साधारण तीन ते पाच एमबीपीएस पुरतात. ५० च्या प्लॅनवर ते अडकत असेल, तर १५० घेतल्याने सुटणार नाही.

आता भिंतींकडे या. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. लाकडी दारातून, प्लायवूडमधून त्या सहज जातात. विटेच्या भिंतीत थोड्या अडतात, जाड दगडात आणि सळ्यांच्या काँक्रीटमध्ये खूप. लोखंडी कपाट, फ्रीज आणि मोठा आरसा त्यांना परत फिरवतात. आरशाच्या मागे धातूचा थर असतो ना, म्हणून. पाणी त्या शोषून घेतं, त्यामुळे पाण्याचं पिंप किंवा माशांची टाकीही मध्ये नको. आणि आपण राउटर कुठे ठेवतो? टीव्हीमागे, फ्रीजवर, नाहीतर दिसायला बरं नाही म्हणून कपाटात बंद करून.

फोनवर सिग्नल मोजणारी ॲप मिळतात. त्यात आकडा उणे डीबीएममध्ये येतो. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६५ च्या आसपास व्हिडिओ नीट चालतो. उणे ८० ला नेटवर्कचं नाव दिसतं, पण काम होत नाही. दर १० अंकांना ताकद दहापट कमी होते. म्हणजे उणे ५० आणि उणे ८० यांत हजारपटीचा फरक आहे.

म्हणून पहिला उपाय फुकटचा: राउटर घराच्या मध्याजवळ, छातीपेक्षा उंच, मोकळ्या जागी ठेवा. फायबरची तार लहान असेल तर कंपनीच्या माणसाला वाढवून द्यायला सांगा. ती काचेची असते, स्वतः वाकवायला, ओढायला जाऊ नका. अँटेना उभ्या ठेवा. उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्यासारखा चहूबाजूंना पसरतो, वर-खाली कमी जातो. माडीवर कुणी बसत असेल तर एक अँटेना आडवी करून पाहा.

बहुतेक नव्या राउटरवर दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंत जास्त झेपवतो, पण हळू असतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपुढे लवकर थकतो. काही राउटर त्याच्या नावापुढे '५जी' लावतात. त्याचा मोबाइलच्या ५जीशी संबंध नाही. राउटरच्या खोलीत ५ वापरा, दोन भिंतींपलीकडे २.४. मोहल्ल्यात घराला घर लागून असतं, तिथे २.४ वर फार गर्दी होते, कारण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत: १, ६ आणि ११. सेटिंगमध्ये जाऊन यातला कमी गर्दीचा निवडा. तिथे गेलाच आहात तर राउटरचा मूळ पासवर्डही बदला आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ वर आहे ना, ते बघा.

आता जी गोष्ट कळल्यावर मी स्वतः चकित झालो, ती सांगतो. वायफायच्या एका चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं. बाकीचे थांबतात. बैठकीतला फोन राउटरशी २०० एमबीपीएसने बोलतोय आणि मागच्या खोलीतला लॅपटॉप कमजोर सिग्नलमुळे १० ने, असं धरा. दोघांना १० एमबीची फाइल हवी आहे, म्हणजे ८० मेगाबिट. बैठकीतल्या फोनला हवा ०.४ सेकंद, लॅपटॉपला ८ सेकंद. त्या ८ सेकंदांतला बराच वेळ सगळ्या घराच्या वाट्यातून जातो. कोपऱ्यातल्या माणसाला ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक वाक्य सावकाश, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं, तर सगळी बैठकच रखडते, तसं. म्हणजे मागच्या खोलीला चांगला सिग्नल देणं हे कुणावर उपकार नाहीत. त्याने बैठकीतलं नेटही सुधारतं.

घर लांबट असेल, भिंती जाड असतील, तर एका राउटरने भागत नाही. तेव्हा लोक एक्स्टेंडर आणतात. स्वस्तातला एक्स्टेंडर ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. शिवाय तो आपण कमजोर सिग्नलच्या जागी लावतो. त्यालाच ऐकू येत नाही तर पुढे काय सांगणार? त्यापेक्षा एक कॅट-६ केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट नेते. तिच्या टोकाला घरात पडलेला जुना राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून जोडा: त्याचा आयपी पत्ता वेगळा करा, डीएचसीपी बंद करा आणि केबल दोन्हीकडे लॅन पोर्टला लावा. आमच्या घरी आम्ही हेच केलं. आढ्याच्या कडेने केबल नेली, जुना राउटर माजघरात लावला आणि प्लॅन परत ५० चा केला. बहिणीचं लेक्चर त्यानंतर अडकलं नाही.

पण केबल टाकताना घरात जे बोलणं झालं, ते तुम्हाला सांगायला हवं. एक बुजुर्ग म्हणाले, "नेट बैठकीतच बरं. सगळ्यांच्या नजरेसमोर राहतं." मी विचारलं, "मग मी रात्री दोन वाजेपर्यंत माझ्या खोलीत नेट वापरायचो, तेव्हा नजर कुठे होती?" कुणी काही बोललं नाही. अम्मी तेवढी म्हणाली, "केबल टाक."

राउटरची जागा तंत्राने ठरते असं आपल्याला वाटतं. ती बरेचदा घरातल्या मानाने ठरते. पाहुणे जिथे बसतात, टीव्ही जिथे असतो, तिथे सिग्नल. जी मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करते, तिच्यापर्यंत जे उरेल ते.

केरळमध्ये फहीमा शिरीन नावाच्या विद्यार्थिनीला कॉलेजच्या हॉस्टेलने संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायला बंदी केली. तिने नियम मानला नाही, तिला हॉस्टेल सोडायला लावलं. ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने निकाल दिला की, इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. तिला परत हॉस्टेलमध्ये घ्यायला सांगितलं. आपल्याच समाजातल्या एका मुलीने हा हक्क कोर्टातून मिळवला. आपल्या बहिणीला तो घरात मिळावा म्हणून आपल्याला कोर्टात जायचं नाही. एक केबल टाकायची आहे.

तेव्हा या रविवारी घरी एक काम करा. फोन हातात घेऊन प्रत्येक खोलीत जा, स्वयंपाकघरातसुद्धा, आणि सिग्नल मोजा. घराचा साधा नकाशा काढून त्यावर आकडे लिहा. मग घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तू नेट वापरायला कुठे बसतेस? कुठे बसतोस?" नकाशातला सगळ्यात कमी आकडा कुणाच्या जागेवर आला, ते बघा. आणि पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. केबल कशी टाकायची, ते आपण इथेच शिकू.