भगवानदादांची दोन खाती

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी एक मेसेज फिरतो. भगवानदादांचा फोटो, खाली मजकूर : जुहूला बंगला, आठवड्याच्या सात वारांना सात गाड्या, आणि शेवटी दादरची चाळ! त्या 'चाळ' शब्दापुढे न चुकता उद्गारवाचक चिन्ह असतं. खाली आपण हात जोडलेली चित्रं टाकतो. आता इथे बसलेल्यांतले निम्मे लोक परळ, लालबाग, गिरगावच्या चाळींतूनच आलोत. तिथे राहणं म्हणजे शिक्षा होती, असं तेव्हा कुणाला वाटलं होतं का? म्हणून म्हटलं, आज या माणसाबद्दल जरा सविस्तर बोलू.

भगवान आभाजी पालव. जन्म 1 ऑगस्ट 1913. वडील गिरणी कामगार. पोरगं व्यायामाचं आणि कुस्तीचं वेडं, म्हणून 'दादा'. मूकपटांच्या काळात सिनेमात शिरले. 1938 साली 'बहादूर किसान'चं सहदिग्दर्शन केलं आणि मग दहा-अकरा वर्षं स्वस्तातले स्टंटपट काढत राहिले. मारामारी, उड्या, थोडा विनोद. हे सिनेमे पाहायला येणारा प्रेक्षक गिरणीची पाळी संपवून आलेला असायचा. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, पण दादांचं घर त्यावर नीट चालत होतं. चेंबूरला जागा घेऊन त्यांनी 'जागृती' नावाचा स्टुडिओसुद्धा उभा केला.

मग राज कपूरनी त्यांना सल्ला दिला, की एखादा सामाजिक चित्रपट काढ. त्यातून 1951 चा 'अलबेला' आला. नायिका गीता बाली, संगीत दादांचे दोस्त सी. रामचंद्र यांचं. त्याच वर्षी 'आवारा' आणि 'बाजी' आले होते. त्या गर्दीत हा बुटका, गोल चेहऱ्याचा, नायकासारखा अजिबात न दिसणारा माणूस नायक म्हणून उभा राहिला आणि सिनेमा तुफान चालला.

का चालला? माझं मत सांगतो. एक तर गाणी, त्यात वादच नाही. दुसरं म्हणजे तो नाच. गुडघे किंचित वाकलेले, हात छातीपुढे, खांदे हलतायत आणि पाय जमिनीवरून जेमतेम सुटतायत. हा नाच शिकावा लागत नाही. पोट सुटलेल्या काकांनाही जमतो! पडद्यावरचा नट घाम न गाळता आनंदात डोलतोय आणि आपल्याला वाटतं, अरे, हे तर आपणही करू शकतो. वरातीतून तो देशभर गेला. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचात मला तीच चाल दिसते.

आता उताराकडे येतो. मी बँकेत कर्ज विभागात तीस वर्षं काढली, त्यामुळे मला या माणसाची दोन खाती दिसतात. एक नटाचं, एक निर्मात्याचं. नटाला कामाचे पैसे मिळतात. सिनेमा पडला तर फार तर पुढचं काम कमी होतं, पण घरावर कुणी येत नाही. निर्मात्याचं तसं नाही. सेटचं भाडं, फिल्म, कलाकारांचे पैसे हे सगळं आधी जातं, आणि तेही बहुधा व्याजाने आणलेलं असतं. चित्रीकरण लांबलं की व्याज बसून राहत नाही. 'अलबेला'नंतर 1953 ला पुन्हा गीता बाली, पुन्हा सी. रामचंद्र घेऊन 'झमेला' काढला. त्याला तसं यश आलं नाही. 'हंसते रहना' नावाचा चित्रपट पुराच झाला नाही, त्यात पैसा अडकला. 1966 च्या 'लाबेला'नेही हात दिला नाही. बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओ गेला. एकाच माणसाच्या नावावर दोन्ही खाती होती, म्हणून निर्मात्याचं कर्ज नटाच्या घरातून वसूल झालं. आमच्या टेबलावर असं प्रकरण आलं असतं, तर मी आधी एकच विचारलं असतं, राहतं घर यात का घालताय?

आणि नटाच्या खात्याचं काय? ते बंद पडलंच नाही. 'झनक झनक पायल बाजे', 'चोरी चोरी' यांत त्यांनी विनोदी भूमिका केल्या. पुढे भूमिका लहान लहान होत गेल्या. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. एकेकाळी सेटवर ज्याच्या शब्दावर दिवे लागायचे, तो माणूस साठीनंतर एखाद्या गाण्यात चार पावलं टाकून, दिवसाचे पैसे घेऊन घरी जायचा. कधी कधी तर जेमतेम ओळखू येण्याइतकाच दिसायचा. पोटासाठी ते करावं लागलं आणि ते दुखलं नसेल असं मी म्हणणार नाही. पण त्या चार पावलांत चेहरा बघा, कुठेही रडवेपणा नाही. ऐंशीच्या दशकातले सिनेमे लागले की मी मुद्दाम त्यांना शोधत बसतो. नातवंडं वैतागतात.

मेसेजमध्ये बंगला आणि चाळ यांच्यामधली ही तीस-पस्तीस वर्षं एका ओळीत उडवलेली असतात. मला तीच महत्त्वाची वाटतात. रोज उठून तोंडाला रंग लावून कामावर जाणाऱ्या माणसाला 'रस्त्यावर आला' म्हणायचं कसं?

4 फेब्रुवारी 2002 रोजी दादा गेले, दादरलाच. 2016 मध्ये त्यांच्यावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई भगवानदादा आणि विद्या बालन गीता बाली. मिळाला तर मुलांना दाखवा.

दादरची जुनी माणसं सांगतात, की विसर्जनाची मिरवणूक त्यांच्या चाळीशी आली की थांबायची. बँडवाले 'अलबेला'चं गाणं धरायचे आणि दादा बाहेर येऊन त्यांच्या त्या चालीत नाचेपर्यंत गणपती काही पुढे सरकायचा नाही.