कायदा आणि गव्हाण
(कारेगाव येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संध्याकाळी रांजणगावच्या महागणपतीला नमस्कार करून इकडे येताना रस्त्यावर दोन दृश्ये दिसली. एमआयडीसीच्या फाट्यावर पाळी सुटलेल्या पोरांची गर्दी होती, आणि त्या गर्दीतून वाट काढत एक टेम्पो चालला होता. टेम्पोत खाली भुसा पसरलेला, वर ताडपत्री बांधलेली आणि मध्ये एक पांढराशुभ्र खिल्लार उभा. मालक त्याच्या वशिंडावर हात ठेवून शेजारी उभा होता. यात्रांचे दिवस आहेत, बैल शर्यतीच्या घाटाला चालला असणार. आजचा विषय तिथूनच सुरू करतो.

परंपरा जपणे हे राज्याचे काम आहे, असे मानणारा विचार आपल्या विधिमंडळात आज जोरात आहे. मला त्या विचाराबद्दल आदर आहे; ज्या घरात पोळ्याला बैलाच्या पाया पडल्याशिवाय माणसे जेवत नाहीत, अशा घरात मी वाढलो. पण परंपरेसाठी केलेल्या कायद्याचे यश विधेयक मंजूर होताना वाजलेल्या बाकांवरून मोजू नये. जे जपायचे होते ते दावणीला उरले का, एवढेच पाहावे. या कसोटीला दोन कायदे लावून पाहू. दोन्ही बैलाचे आहेत, पण दोन्हींचे फळ वेगवेगळे आहे.

पहिला कायदा बैलगाडा शर्यतीचा. 2011 साली केंद्र सरकारने एका अधिसूचनेने, ज्यांचे खेळ करता येत नाहीत अशा प्राण्यांच्या यादीत बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या शर्यतीही बंद केल्या. शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यात तो दिवस किती जड गेला हे मी तुम्हाला काय सांगू? यात्रा भरत राहिल्या, पालख्या निघाल्या, पण घाट सुने पडले. पुढे तमिळनाडूने आपला कायदा दुरुस्त केला आणि त्याच वर्षी, 2017 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात, महाराष्ट्राने केला. प्राणिक्लेश प्रतिबंधाच्या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती झाली, तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. तरीही उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि प्रकरण दिल्लीला गेले. 16 डिसेंबर 2021 रोजी अंतरिम परवानगी मिळाली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. एखादी गोष्ट संस्कृतीचा भाग आहे की नाही, हे ठरवायला विधिमंडळ ही योग्य जागा आहे, असे घटनापीठाने मानले. परंपरेचा कैवार घेणाऱ्यांसाठी इतका स्पष्ट विजय क्वचितच मिळाला असेल.

तो कोणा एका पक्षाचा नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो. कायदा फडणवीस सरकारने केला, आणि 2021 मध्ये न्यायालयात तो लढवला तो महाविकास आघाडीच्या सरकारने. शिरूर मतदारसंघात खासदार बदलले, पण बैलगाड्याची मागणी बदलली नाही. आणि कायद्याने मोकळीक दिली तशी बंधनेही घातली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाची तपासणी आली. चाबूक आणि विजेचा झटका बंद झाला. बैलाला इजा केली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. प्राणिमित्रांनी न्यायालयात छळाचे जे पुरावे मांडले, त्यांतले पुष्कळसे खरे होते. या तरतुदी त्यांच्यामुळेच आल्या, म्हणून आपण त्यांना शत्रू समजू नये.

पण मला मोठी वाटते ती मधली साडेसात वर्षे. बारी नाही, बक्षीस नाही, घाटाचा राजा हा मान नाही. तरीही किती गाडामालकांनी बैल सांभाळले! कडबा आणि पेंड विकत घेऊन, घरात बोलणी खाऊन सांभाळले. परवानगी मिळाली तेव्हा घाटात उतरायला बैल होते, ते या माणसांमुळे. जी परंपरा त्यांनी आधीच पोसून ठेवली होती, तिला कायद्याने फक्त वाट मोकळी करून दिली.

आता दुसरा कायदा. 1976 च्या पशुसंरक्षण कायद्याने राज्यात गाईची कत्तल बंद झाली. तेव्हा राज्य काँग्रेसचे होते, हेही लक्षात असू द्या. बैल आणि वळू मात्र निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाला तर कापता येत होते. मनोहर जोशींच्या सरकारने 1995 मध्ये ही सवलतही काढून टाकणारी दुरुस्ती मंजूर केली. ती राष्ट्रपतींच्या संमतीसाठी जवळजवळ वीस वर्षे पडून होती. मार्च 2015 मध्ये ती लागू झाली, म्हणून कायद्याच्या नावात 1995 आहे आणि क्रमांक 2015 चा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून आणलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोषत्व आरोपीनेच सिद्ध करावे असे म्हणणारे कलम, ही दोन्ही मात्र रद्द केली. पुढे 2023 मध्ये गोसेवा आयोगाचा कायदा झाला. 30 सप्टेंबर 2024 रोजी देशी गाईला राज्यमाता-गोमाता घोषित केले गेले आणि गोशाळेतल्या देशी गाईसाठी दिवसाला 50 रुपये अनुदान ठरले.

त्या घोषणेसोबत सरकारनेच एक आकडा दिला होता. 2019 च्या पशुगणनेत राज्यात देशी गाई 46,13,632 होत्या, म्हणजे 2012 च्या मानाने 20.69 टक्के कमी.

ही घट एकट्या बंदीमुळे झाली असे मी म्हणणार नाही. सात वर्षांतली पहिली अडीच-तीन वर्षे बंदीच्या आधीची आहेत. ट्रॅक्टर आला, गायराने आटली, संकरित गाईने दुधाचा संसार हाती घेतला. इथून जवळच उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये बाएफ ही संस्था उभी केली आणि त्या कामातून घरोघर संकरित गाय पोचली. गांधीजींच्या या अनुयायाने गाईवरच्या प्रेमातूनच ते केले. पण संकरित गाईला गोऱ्हा झाला की त्याचे काय करायचे? तो ना औताला टिकतो, ना घाटात पळतो. पूर्वी भाकड गाय किंवा थकलेला बैल बाजारात जाई. जनावरांचा हेडी चार पैसे देई, त्यात थोडी भर घालून नवे जनावर दावणीला येई. चाकण आणि बेल्ह्याचे बाजार या फेऱ्यावर चालत. बैलाचे ते शेवटचे मोल संपले आणि खायला घालण्याचा सगळा भार एकट्या शेतकऱ्यावर आला. दुष्काळात त्याने काय करावे, याचे उत्तर कायद्यात नाही. ज्यांचा धंदा गेला त्या खाटीक कुटुंबांचाही कायद्याने विचार केला नाही, ही गोष्ट मला खुपते.

गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर यांनी साठच्या दशकातच हा पेच मांडला होता. चारा मर्यादित असेल आणि जनावर कमी करायची वाट बंद असेल, तर उरलेली सगळीच जनावरे अर्धपोटी राहतात, असे त्यांचे म्हणणे. गोभक्तांना ते तेव्हा फार लागले. मला वाटते, ते गोभक्तांनीच सगळ्यात आधी वाचायला हवे होते.

कायद्याने सुरी थांबते. गव्हाणीत वैरण टाकायला माणूस लागतो, आणि तो माणूस टिकेल अशी सोय अर्थसंकल्पात करावी लागते. बंदी मागे घ्या, असे मागायला मी आलो नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 2005 मध्ये गुजरातची अशीच बंदी वैध ठरवली आहे, आणि घटनेचे 48 वे कलम आहेच. मी बंदीची उरलेली अर्धी बाजू मागतो आहे. ते 50 रुपये गोशाळेलाच का? म्हातारी खिल्लार किंवा डांगी गाय ज्याने स्वतःच्या गोठ्यात ठेवली आहे, त्या शेतकऱ्याला का नाहीत? कालवडीच जन्माव्यात अशा रेतमात्रा गावच्या दवाखान्यात परवडणाऱ्या दरात आणि वेळेवर मिळाल्या तर नकोशा गोऱ्ह्यांचा प्रश्नच निम्म्याने हलका होईल. कारेगावात जमिनी कारखान्यांना गेल्या, गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या झाल्या; अशा गावात राहिलेल्या गायरानाचा चाऱ्यासाठी हिशेब कोण मांडणार?

एकविसाव्या पशुगणनेचे काम ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाले. पुढच्या अधिवेशनाआधी तुमचे आमदार यात्रेला येतील, फेटा बांधून घाटावर बसतील. त्यांच्याशी बोला, आणि त्या मोजणीत शिरूर तालुक्यातली देशी जनावरे किती भरली, हे त्यांना आकड्यासकट विचारा.