एका वाक्यातली गोष्ट

श्रोतेहो, साहसाचा बोलपट लिहायचा, तर त्याचे सूत्र आधी एका वाक्यात मांडता आले पाहिजे. कोण, कोणाला वाचवायला निघाला, वाटेत काय आडवे आले, किंमत काय पडली?

परळचेच उदाहरण घेऊ. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात शिकले. १९३८ साली जपानशी झुंजणाऱ्या चीनला भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांत ते होते. चौघे परतले, कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. १९४६ साली परळच्याच राजकमल कलामंदिराने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली त्यावर ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ काढला.

‘एक डॉक्टर चीनला गेला’ ही नुसती बातमी झाली. ‘परक्या देशातल्या जखमींना वाचवायला गेलेला तरुण डॉक्टर, काही सोबती परतले तरी मागे राहतो आणि स्वतःचा जीव गमावतो,’ ही गोष्ट झाली. काय वाढले? त्याची निवड, अन् तिची किंमत.

गुरुजी, उद्या वर्गात मुलांना पावनखिंड अशीच एका वाक्यात सांगायला लावा बरं! बाजीप्रभू मागे का थांबले, हे ज्याच्या वाक्यात आले, त्याला गोष्ट कळली.