परीक्षेचा भार कोणावर?
(रेडी येथील सभेतील भाषण)



परीक्षा नको, असे आमचे म्हणणे नाही. प्रश्नपत्रिका कोणाची जात विचारीत नाही. कुणब्याचे, सुताराचे, गाबिताचे पोर तेथे स्वतःच्या अकलेवर वर येते, हा तिचा मोठा गुण.

पण तिचा भार कोणावर पडतो तेही पाहा. पूर्वी निकाल पाहून शाळांना पैसा देण्याची सरकारी रीत होती. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे स्पष्ट सांगितले की, ज्या गरिबांत विद्येची गोडी अजून लागली नाही, त्यांच्यासाठी ही रीत कामाची नाही. तीवर मास्तराचे पोट भरणार नाही, मग तो त्यांच्यांत शाळा काढील कशाला?

आता २०२३-२४ पासून ५ वी व ८ वीला वार्षिक परीक्षा आली आहे. नापासाला जादा शिकवणी व दोन महिन्यांत फेरपरीक्षा मिळते. तीतही नापास झाला, तर तो त्याच वर्गात राहतो. असे पोर लाजेने होडीवर किंवा शेतावर गेले, की शाळा कायमची सुटते.

म्हणून निकाल लागताच शाळेत जा. जादा शिकवणी कोण देणार, कधी देणार, हे विचारा. ८ वी पुरी होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, हा कायदा ध्यानी ठेवा. नाडी पाहून औषध न देणारा वैद्य काय कामाचा?