अक्षर कापणारं यंत्र



रिक्षाच्या मागच्या काचेवर मुलांची नावं, टेम्पोच्या कपाळावर कुलदैवताचं नाव, दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांच्या वेळा. ही अक्षरं जिथे तयार होतात त्याला आपण रेडियमचं दुकान म्हणतो. त्या दुकानात स्टँडवर उभा असलेला प्लॉटर आपण पाहिलेला असतो. तेच यंत्र आता घरातल्या टेबलावर मावेल एवढं लहान झालं आहे. गृहउद्योग चालवणाऱ्या भगिनी, शिक्षक, गणेशोत्सवात आरास करणारे कार्यकर्ते हे यंत्र घ्यायचा विचार करू लागले आहेत, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: कोणतं घ्यावं?

माझं उत्तर पहिल्यांदा सांगून टाकतो. मराठी अक्षरं कापायची असतील, तर यंत्राची ताकद आणि रुंदी नंतर पाहा. आधी त्याचं सॉफ्टवेअर पाहा.

हे यंत्र छापत नाही, हे नीट लक्षात घ्यायला हवं. त्यात शाई नसते, एक बारीक पातं असतं. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसीची पातळ, रंगीत फिल्म. तिच्या मागे गोंद आणि गोंदामागे गुळगुळीत कागद. पात्याने फिल्म कापायची, पण मागचा कागद कापायचा नाही, एवढंच यंत्राचं काम. मग अक्षराभोवतीची नको असलेली फिल्म आपण हाताने सोलून काढतो, त्याला वीडिंग म्हणतात. उरलेलं अक्षर चिकट पारदर्शक टेपवर उचलून घेतो आणि काचेवर, डब्यावर, दारावर बसवतो. अक्षर एकाच रंगाचं, कडा धारदार, पार्श्वभूमी नाही.

म्हणून ज्यांना लोणच्याच्या बरणीवर फोटोसह रंगीत लेबल हवं आहे, त्यांनी थोडं थांबावं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी परवाना क्रमांक, घटकपदार्थ, वजन हे सगळं बारीक अक्षरात द्यावं लागतं. ते व्हिनाइल कापून होणारं काम नाही. त्यासाठी आधी स्टिकरच्या कागदावर छापायचं आणि मग यंत्राने बाहेरची कड कापून घ्यायची, अशी सोय या यंत्रांत असते. छापताना कागदावर काळ्या खुणा येतात, यंत्राचा सेन्सर त्या वाचतो आणि त्यावरून चित्र कुठे आहे ते ओळखतो. चकचकीत कागदावर प्रकाश परावर्तित होऊन सेन्सर चुकतो, तेव्हा मॅट कागद बरा. पण महिन्याला शेकड्यांनी लेबलं लागत असतील, तर मी स्पष्टच सांगेन, छापखान्यात जा. स्वस्त पडेल आणि वेळही वाचेल. घरचं यंत्र त्यांच्यासाठी आहे ज्यांना थोडी, वेगवेगळी आणि मनासारखी अक्षरं हवी आहेत.

आता बाजाराकडे वळू. घरगुती वापरासाठी तीन नावं प्रामुख्याने ऐकू येतात: क्रिकट, सिल्हुएट आणि ब्रदर. क्रिकटची एक्सप्लोर आणि मेकर ही यंत्रं, तसंच सिल्हुएटचं कॅमिओ, ही साधारण 12 इंच रुंदीची. त्याहून लहानही मिळतात. ब्रदरच्या स्कॅन-एन-कटमध्ये स्कॅनर आतच असतो. मुलाने काळ्या स्केचपेनने काढलेला हत्ती स्कॅन करून तसाच्या तसा कापता येतो, संगणकाला हात न लावता. बालवाडीच्या शिक्षिकेसाठी याहून सोयीचं यंत्र मला दिसत नाही.

जाहिरातीत ताकदीचे आकडे ठळक असतात. पात्यावर चार-पाच किलोचा दाब देणारी यंत्रं आहेत. चामडं, पातळ लाकूड कापायचं तर तो दाब हवाच. पण व्हिनाइल कापायला शंभर ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो. फक्त स्टिकर करणाऱ्याने त्या ताकदीचे पैसे मोजू नयेत. रुंदीचंही तेच. दाराची पाटी, डबे, वह्या, हेल्मेट, काचा यांना 12 इंच भरपूर होतात. त्याहून मोठं काम वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळीच निघतं, ते रेडियमवाल्याकडून करून घ्यावं.

सॉफ्टवेअर मात्र रोज लागतं. क्रिकटचं डिझाइन स्पेस मोफत आहे, पण खातं उघडल्याशिवाय चालत नाही. 2021 च्या मार्चमध्ये कंपनीने जाहीर केलं होतं, की पैसे न भरणाऱ्यांना महिन्याला स्वतःची फक्त 20 चित्रं चढवता येतील. लोक इतके संतापले की कंपनीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. पण त्या प्रकरणातून एक गोष्ट दिसली: यंत्र आपल्या टेबलावर असलं, तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात असू शकते. सिल्हुएटचं सॉफ्टवेअर संगणकावर स्वतंत्रपणे चालतं, पण त्याची मोफत आवृत्ती एसव्हीजी फाईल उघडत नाही. त्यासाठी वरची आवृत्ती विकत घ्यावी लागते, नाहीतर डीएक्सएफ फाईल करून द्यावी लागते. विकत घेण्याआधी हे सगळं विचारून घ्यावं.

आणि आता देवनागरी. इथे मला थोडा जास्त वेळ घ्यायचा आहे, कारण या यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकांत हे लिहिलेलं नसतं.

रोमन लिपीत प्रत्येक अक्षर सुटं असतं. आपल्या अक्षरांवर शिरोरेघ असते, आणि संगणकाच्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ शेजारच्या अक्षराच्या रेघेवर किंचित चढलेली असते. पडद्यावर ती सलग दिसते. पात्याला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते. ते बिचारं सांगितलेल्या रेषेवरून जातं आणि दोन अक्षरं जिथे भेटतात तिथे शिरोरेघ आरपार कापतं. काना, वेलांटी, मात्रा यांचंही तेच होतं. वीडिंग करताना शब्दाचे तुकडे हातात येतात. यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे: कापण्याआधी सगळी अक्षरं एकमेकांत विलीन करायची. कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला वेल्ड म्हणतात, कुठे युनियन.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. काही कटिंग सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी टाइप केलं, की जोडाक्षर फुटून हलन्त दिसू लागतो, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. त्याच्याशी झगडू नये. इंकस्केप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड मराठी बिनचूक उमटतं. तिथे शब्द लिहावा, पाथ मेनूतून त्याचं बाह्यरेषेत रूपांतर करावं, गट सोडवावा, मग युनियन द्यावं आणि फाईल एसव्हीजी किंवा डीएक्सएफमध्ये साठवावी. आता कटिंग सॉफ्टवेअरला मराठी येतं की नाही, हा प्रश्नच उरत नाही. त्याच्यापुढे फक्त एक आकृती असते. म्हणूनच मी म्हणतो, की बाहेरची फाईल विनाअट आणि विनाशुल्क स्वीकारणारं यंत्र मराठी माणसाने घ्यावं.

एकदा ही विलीन करण्याची पायरी सांभाळली, की शिरोरेघ आपल्या उपयोगी पडते. रोमन लिपीतलं नाव बसवताना प्रत्येक अक्षर सुटं असल्यामुळे एखादं वाकडं बसण्याची धास्ती असते. मराठी शब्द मात्र शिरोरेघेमुळे एकसंध उचलला जातो आणि सरळ रेषेत बसतो. सुटा राहतो तो फक्त अनुस्वार. तो वीडिंग करताना हमखास फिल्मबरोबर निघून जातो, तेव्हा सोलताना टिंबावर सुईचं टोक दाबून धरावं. कोथिंबिरीच्या बरणीवरचं टिंब हरवलं, तर शब्दच बिघडतो.

फॉन्ट जाड रेषेचा घ्यावा. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले बालू आणि मुक्त हे फॉन्ट मोफत मिळतात, त्यांची ठळक वळणं कापायला उत्तम. बोरूने लिहिल्यासारखी निमुळती टोकं दिसायला सुंदर, पण डब्यावर तीच टोकं आधी सुटतात. आणि ल आणि श मराठी वळणाचे आहेत ना, तेवढं पाहून घ्या. घराच्या पाटीवर ते खटकतं.

पात्याची एक तांत्रिक बाब समजून घेतली की पुष्कळ गोष्टी उलगडतात. पातं मोटरने वळवलेलं नसतं. प्रवासी बॅगेचं फिरतं चाक जसं ओढीच्या दिशेला आपोआप वळतं, तसं ते वळतं. त्याचं टोक मधल्या आसापासून साधारण पाव मिलिमीटर बाजूला असतं, आणि त्या फरकाचा हिशेब सॉफ्टवेअर करतं. तरीही फार बारीक अक्षरात, फार टोकदार कोपऱ्यात फिल्म फाटते. पाऊण सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची मराठी अक्षरं मी कापायला घेत नाही. जोडाक्षराच्या पोटातल्या जागा भरून येतात.

व्हिनाइलसाठी 45 अंशांचं पातं वापरतात, जाड वस्तूंसाठी 60 अंशांचं. पातं किती बाहेर काढायचं, यात खरं कौशल्य आहे. ऑराकल 651 हे टिकाऊ व्हिनाइल बरंच वापरात आहे, त्याची जाडी 63 मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढी. एवढंच कापून पुढे कागदावर थांबायचं आहे. म्हणून पातं अगदी थोडं बाहेर ठेवून सुरुवात करा, आणि प्रत्येक नव्या रोलवर कोपऱ्यात एक चौकोन आणि त्याच्या आत एक त्रिकोण कापून पाहा. फिल्म सुईने स्वच्छ उचलली जायला हवी आणि मागच्या कागदावर पुसटसा ओरखडा दिसायला हवा. ओरखडा खोल असेल तर दाब कमी करा. ही चाचणी कधीही टाळू नये. रात्री चमकणारी परावर्तक फिल्म कापायची असेल तर जुनं पातं लावा, कारण तिच्यातले काचेचे बारीक मणी धार लवकर घालवतात.

व्हिनाइलचे दोन प्रकार घरात ठेवले की भागतं. भिंतीसाठी, भाड्याच्या घरासाठी, सणापुरत्या सजावटीसाठी नंतर निघणारं मॅट व्हिनाइल, आणि डबे, गाड्या, बाहेरच्या पाट्या यांसाठी कायमच्या गोंदाचं. रोल उभे ठेवावेत, उन्हापासून दूर. एप्रिल-मेच्या दुपारी फिल्म मऊ होते आणि सोलताना ताणली जाते, तेव्हा हे काम सकाळी करावं.

चिकटवण्याआधी जागा स्वच्छ करणं हे निम्मं काम आहे. आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर फोडणीच्या तेलाचा पातळ थर असतो, डोळ्यांना तो दिसत नाही. गरम पाण्याने धुवून, वाळवून, मग स्पिरिटचा बोळा फिरवावा. नुसत्या साबणाने एक पापुद्रा मागे राहतो. चुन्याच्या किंवा जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर हे अक्षर टिकत नाही. नवा रंग दिला असेल तर तीन-चार आठवडे थांबा. मोठ्या काचेवर कायमच्या गोंदाचं अक्षर लावताना पाण्यात दोन थेंब साबण घालून फवारा, म्हणजे सरकवून नेमकं बसवता येतं, मग प्लॅस्टिकच्या पट्टीने पाणी मधून कडेकडे काढा. लावल्यावर एक दिवस तरी धुऊ नका. ताटवाटीच्या आतल्या बाजूला किंवा कपाच्या ओठाजवळ व्हिनाइल लावू नये.

दोन गोष्टी गांभीर्याने सांगायच्या आहेत. व्हिनाइल कधीही लेझरने कापू नका, आणि उरलेले तुकडे चुलीत, शेकोटीत किंवा पाण्याच्या बंबात टाकू नका. पीव्हीसीमध्ये क्लोरीन असतं, जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपाय करतो, आणि लेझर यंत्राचे लोखंडी भागही गंजवतो. दुसरी गोष्ट, गाडीच्या नंबरप्लेटला हात लावू नका. 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची आहे. तिच्यावर वळणदार अंक किंवा नावं चिकटवणं कायद्याला धरून नाही, मग ती कितीही सुबक असोत.

यंत्र घ्यायला जाल तेव्हा ‘लक्ष्मीकृपा’ हा शब्द फाईल करून पेनड्राइव्हवर न्या. त्यात क्ष्म आहे, वेलांटी आहे, ऋकार आहे. दुकानदाराला तुमच्या समोर तो दोन इंच उंचीत कापून, सोलून, काचेवर लावून दाखवायला सांगा. शिरोरेघ सलग राहिली तरच पैसे द्या.