टेहळणीची आकाशचौकी

शिरूरहून दौंडास जावयाचें म्हणजे घोडनदीचा कांठ सोडून भीमेच्या कांठीं यावयाचें. सरळ रेषेंत हें अंतर सुमारें ४५ किलोमीटर. मोटारीस तासभर तरी लागतो. दीड-दोनशें किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या यानास मात्र सहाच सेकंद पुरतात. अशा सहा सेकंदांत खालचें काय टिपावें हें ठरविण्यास यानांत माणूस हवा कीं नको? या प्रश्नापायीं अमेरिकेनें एकदां साडेपांच वर्षें आणि दीड अब्ज डॉलर खर्चीं घातले.

१० डिसेंबर १९६३ रोजीं संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांनीं योजना जाहीर केली; ऑगस्ट १९६५ मध्यें अध्यक्ष जॉन्सन यांनीं तिला संमति दिली. जगास सांगितलें तें एवढेंच, कीं सैन्याची एक प्रयोगशाळा दोन माणसांसह तीस दिवस अंतराळांत फिरेल. प्रयोगशाळा हा बुरखा होता. आंत ७२ इंच व्यासाच्या आरशाचा प्रचंड कॅमेरा बसावयाचा होता. त्याचें सांकेतिक नांव 'डोरियन'. चार इंचांपर्यंतचा तपशील त्यांत उमटावा अशी अपेक्षा होती. म्हणजे दौंडच्या यार्डांतील वाघिणीच काय, रुळांखालचे स्लीपरदेखील मोजतां आले असते! अर्थात् डोळा होता तो सोव्हिएट रशियावर. परंतु ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेखालून पृथ्वीवरील कोणतेंच गांव सुटत नाहीं.

माणसाच्या बाजूचा मुद्दा मोठा मार्मिक होता. आषाढांत शिरूरवर ढग दाटतात आणि बहुधा न बरसतांच निघून जातात, हें तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. यंत्र बिचारें त्या ढगांचेंच छायाचित्र घेऊन फिल्म दवडील. माणूस ढग पाहून कॅमेरा मोकळ्या दौंडकडे वळवील. पण त्या माणसास हवा हवी, अन्नपाणी हवें, आणि त्याच्या हालचालीनें कॅमेरा हालण्याची धास्ती ती निराळीच. तिकडे निर्मनुष्य उपग्रहांचे कॅमेरे वर्षागणिक सुधारत होते, आणि व्हिएतनामचें युद्ध तिजोरी उपशीत होतें. चांद्रविजयाच्या महिनाभर आधीं, १० जून १९६९ रोजीं, निक्सन सरकारनें योजना रद्द केली. तोंवर रिकाम्या सांगाड्याचें एकच चांचणी-उड्डाण झालें होतें, तें नोव्हेंबर १९६६ मध्यें.

रशियानें मात्र 'अल्माज' योजनेखालीं तशा चौक्या खरोखरच उडविल्या व १९७४ पासून त्यांत माणसें बसविलीं. १९७७ नंतर त्यानेंही तो नाद सोडला.

अमेरिकेच्या निवडलेल्या वैमानिकांपैकीं रॉबर्ट लॉरेन्स हे डिसेंबर १९६७ मध्येंच विमान-अपघातांत निवर्तले होते. सात तरुण वैमानिकांना 'नासा'नें घेतलें. त्यांतील क्रिपेन हे १९८१ च्या पहिल्या शटल-उड्डाणांत होते. डोरियनचे कागद खुले झाले ते २०१५ मध्यें.