नावनिशी असलेले सांगाडे

विहीर उपसताना गाळात मनुष्याची हाडे सापडली, असे समजा. पोलीस प्रथम विचारतात, बाई की पुरुष? आणि वय काय? डॉक्टर कमरेचे हाड पाहतात, कवटीचे सांधे पाहतात आणि सांगतात, "पस्तीस ते पन्नास." हे त्यांना कसे कळते? तुम्ही म्हणाल, पुस्तकावरून. पण मग पुस्तकाला कोणी सांगितले?

सांगितले ते मृतांनीच. ज्यांचे नाव, वय आधीच नोंदलेले होते अशा मृतांनी. पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठात असे ५०५ सांगाडे आहेत. प्राध्यापक तामान्यिनी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जमविले, बहुतेक गावच्या कोंशादा दफनभूमीतून. तिकडे साधी कबर कायमची नसते. काही वर्षांनी ती उघडतात आणि घरचे लोक अस्थी दुसरीकडे ठेवतात. ही रीत गोव्यातील ख्रिस्ती समाजातही आहे. कोइंब्रात ज्यांच्या अस्थींना कोणी वाली उरला नाही, त्या संग्रहात आल्या. प्रत्येकाची नोंद आहे: नाव, जन्मगाव, वय, धंदा, मृत्यूचे कारण. मजूर, कारागीर, घरकाम करणाऱ्या बायका, अशीच ही मंडळी.

असे संग्रह हाती असले म्हणजे आपले ठोकताळे खरे की खोटे, हे ताडून पाहता येते. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातील ख्राइस्ट चर्चच्या तळघरात १९८४ ते १९८६ या काळात खोदकाम झाले. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील सुमारे हजार माणसे तेथे पुरलेली होती. त्यांपैकी ३८७ जणांची नावे व वये शवपेट्यांवरील पट्ट्यांमुळे कळली. तज्ज्ञांनी नुसती हाडे पाहून वये ठरविली, मग पट्ट्यांशी ताडून पाहिली. आणि बघा, तराजूत चांगलाच पासंग निघाला! चाळिशीच्या आतल्यांना त्यांनी थोराड ठरविले होते आणि सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्यांना तरुण.

ही चूक किरकोळ नव्हे. पूर्वीची माणसे पन्नाशीतच संपत, असे आपण ऐकत आलो. त्या समजुतीत थोडा वाटा या खोट्या मापाचाही आहे. बालमृत्यू पुष्कळ होते, हे खरेच. पण जे जगले वाचले, त्यांतले कितीतरी आजोबा-आजी झाले असतील आणि आपण त्यांना हिशेबातून वगळले असेल. शिवाय पोर्तुगालच्या हाडांवर बसविलेले माप आपल्याकडच्या हाडांना जसेच्या तसे लावणेही धोक्याचे. विहिरीतल्या त्या माणसाचे वय दहा वर्षांनी चुकले, तर हरवलेल्यांच्या यादीत त्याचे नाव असूनही तो सापडायचा नाही. घरचे वाट पाहतच राहतील.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. संग्रहातल्या त्या गरिबांना कोणी विचारले नव्हते. कबरीचे पाहायला कोणी उरले नाही, म्हणून ते विद्यापीठाच्या फडताळात गेले. विद्येचे हे ऋण आहे. ते फिटायचे नाही. पण नोंदवहीतला क्रमांक वाचताना शेजारचे नावही वाचावे, एवढे आपल्या हाती आहे. त्या नावामुळेच तर आपले माप खरे ठरते.